दुसरा श्रावण

“काकू, तारीख नक्की आहे ना?”

टिळेकर डॉक्टरीणबाईंनी हे विचारलं तेव्हा त्यांची नजर पडद्यावर होती. एका हातानं त्या हेमांगीच्या पोटावर ते यंत्र फिरवत होत्या, दुसऱ्या हातानं बटणं दाबत होत्या. प्रश्न मला होता. पोट लेकीचं असलं तरी उत्तर आई देणार, हे महिनाभरात सगळ्या दवाखान्याला पाठ झालं होतं.

“कसली तारीख?” मी म्हटलं.

“शेवटची पाळी आलेली. कार्डावर पंचवीस जुलै लिहिलंय.”

“मग तीच. का हो, काय झालं?”

त्यांनी पुन्हा एकदा यंत्र फिरवलं, पुन्हा बटण दाबलं, पुन्हा आकडा बघितला. मी भिंतीला टेकून उभी होते. त्या दिवशी खरं तर मला तिथं यायचंच नव्हतं. दुपारी खानावळीत चाळीस पानं बसायची होती आणि भाकरी थापणारी बाई आली नव्हती. त्यात ही सोनोग्राफी म्हणजे मला नुसती थेरं वाटत होती. ना पायांवर सूज, ना डोकेदुखी, पोरगी धडधाकट होती. पण टिळेकरबाईंचा नियमच होता. नववा लागला की सगळ्या बायकांची एक सोनोग्राफी, कुणाला त्रास असो नसो. “काकू, बाळ आत नीट वाढतंय का हे बाहेरून पोट बघून कळत नाही,” असं त्या म्हणायच्या. मी मनात म्हणायची, तुम्हाला नसेल कळत. इस्लामपुरातल्या निम्म्या पोरांना मी माझ्या हातचं खायला घालून वाढवलंय, मला पोट बघून कळतं.

“हे बघा,” डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. “डोकं, पोट, मांडीचं हाड, सगळी मापं बत्तीस आठवड्यांची येतायत. तुमच्या तारखेप्रमाणे छत्तीस पूर्ण हवेत. आता दोनच गोष्टी असू शकतात. एक तर तारीख चुकलीय, आणि बाळ एकदम ठीक आहे, फक्त महिन्यानं लहान आहे. नाहीतर तारीख बरोबर आहे आणि बाळाची वाढ खुंटलीय. त्याला पुरेसं मिळत नाहीये.”

“मिळत नाहीये म्हणजे?”

“वारेतून जे पोचायला हवं ते पोचत नाहीये. तसं असेल तर मी हिला आजच सांगलीला पाठवणार. मोठ्या दवाखान्यात रोज लक्ष ठेवतील, आणि वेळ आली तर बाळ लवकर बाहेर काढतील. अशी बाळं आत ठेवणं धोक्याचं असतं, बाहेर ती जगतात.”

हेमांगी मान वर करून बघत होती. पोटावर तो थंड चिकचिकाट, साडी कमरेखाली सारलेली, आणि चेहरा शाळेत निकाल ऐकायला उभं राहिल्यासारखा. तेवीस वर्षांची होती तेव्हा.

खरं सांगते, डॉक्टरीणबाई बरंच काही बोलल्या, पण माझ्या कानात एकच शब्द घुसला. मिळत नाहीये. माझ्या घरात, माझ्या हातचं खाणाऱ्या पोरीच्या पोटातल्या जिवाला मिळत नाहीये! हे फलटणला कळलं तर?

फलटणला म्हणजे हिच्या सासरी. सातव्या महिन्यात ओटी भरली तेव्हा आमच्या विहीणबाईंनी, शकुंतलाबाईंनी, भरल्या मांडवात मला सांगितलं होतं, “मूठभर आणली होती हो तुमच्याकडून, ओंजळभर करून पाठवतेय. आता तुमच्या हातात.” बायका हसल्या. मीही हसले, पण आत झोंबलं. त्यात थोरल्या सुनेचं कौतुक. ती कोल्हापूरला माहेरी जाऊन पावणेचार किलोचा मुलगा घेऊन आली होती. त्या बाळाचं वजन मी त्या दिवशी पाच बायकांच्या तोंडून ऐकलं. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणजे बाळ गुटगुटीत निघालं तर सासरचं रक्त, आणि वाळकं निघालं तर माहेरची आबाळ. हा हिशोब सगळ्यांना माहीत असतो, कुणी बोलून दाखवत नाही एवढंच.

“अहो, तारीखच चुकली!” मी म्हटलं.

“कशावरून?”

“यंदा श्रावण दोन झाले की! अधिक महिना श्रावणातच आला नव्हता का? पहिला अधिक श्रावण, मग खरा श्रावण. ही आपली म्हणाली श्रावणात पाळी आली, आणि मी कॅलेंडर बघून तारीख काढून दिली पहिल्या श्रावणातली. दुसरा श्रावण होता तो. बरोबर महिन्याचा फरक पडतो बघा.”

तोंडातून शब्द इतके सरळ बाहेर आले की माझं मलाच नवल वाटलं. मोजून महिन्याचा फरक! जणू माझ्यासाठीच पंचांगात तो महिना जास्तीचा घातला होता.

डॉक्टरीणबाईंनी कार्ड बघितलं, पडदा बघितला. त्यांनाही बरं वाटल्यासारखं दिसलं. तरी त्या हेमांगीकडे वळल्या. “हेमांगी, तुला काय आठवतंय?”

हेमांगीनं माझ्याकडे बघितलं.

“माझ्याकडे काय बघतेस, सांग की,” मी म्हटलं.

“आई म्हणते तसंच असेल.”

“असेल नको गं मला. आठवून सांग.”

“तसंच,” ती म्हणाली.

“आधी कधी सोनोग्राफी झालीय?”

“पाचव्यात. फलटणला. कागद तिकडंच राहिले.”

“मग तो कागद मागवा,” डॉक्टरीणबाई हात पुसत म्हणाल्या. “पाचव्या महिन्यातलं माप सहसा फसवत नाही. त्यावरून खरे दिवस कळतील. आजच फोन करा, काकू. कागद यायला वेळ लागणार असेल तर त्यावरचं नुसतं वाचून दाखवायला सांगा, लिहून घ्या आणि मला उद्या सकाळी आणून द्या. एवढं काम माझं करा.”

“करते की. त्यात काय!”

“आणि हेमांगी, बाळाची हालचाल मोजायची. कमी वाटली की लगेच यायचं. पंधरा दिवसांनी आपण पुन्हा बघू.”

रिक्षात बसल्यावर मी मोठा श्वास सोडला. सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटलं.  स्टँडच्या वळणावर हेमांगीनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

“आई, पहिल्याच श्रावणात गं.”

“काय पहिल्या श्रावणात?”

“तुला आठवत नाही? धोंड्याच्या जेवणाला आलो होतो आम्ही. मी मागच्या दारानं आले आणि तुला सांगितलं.”

मी रिक्षावाल्याकडे बोट दाखवलं आणि तिला गप्प केलं.

आठवत नाही? कसं आठवणार नाही! लग्नानंतरचा पहिला अधिक महिना. जावयाला बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे करून घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. मी आठ दिवस राबत होते. रविवार होता. जावई पुढच्या दारानं आले आणि ही मागच्या दारानं येऊन उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, “आई, अडचण आली गं वाटेत.” माझा नुसता संताप झाला. सगळी भावकी जमलेली, आणि वाण देताना लेक जावयाशेजारी हवी. मी तिला माजघराच्या मागच्या खोलीत बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, प्रवासानं पित्त उठलंय, डोकं दुखतंय. जावयाला एकट्यालाच पाटावर बसवून ओवाळलं. हेमांगीला ताट आत नेऊन दिलं तेव्हा ती हसत होती. म्हणाली, “आई, जावयाचे लाड आणि लेकीला कोंडवाडा!” पंचवीस जुलै. ती तारीख मी जन्मात विसरले नसते. कॅलेंडर बघायचीही गरज नव्हती.

म्हणजे मी चुकले नव्हते. मी खोटं बोलले होते.

घरी आल्यावर तिनं पुन्हा विषय काढला. मी तिच्यासमोर ताट ठेवलं, वर तुपाची वाटी उपडी केली.

“आई, डॉक्टरांना खरं सांगू या ना. आत्ता जाऊन सांगू.”

“काय सांगणार? माझी आई खोटं बोलली म्हणून?”

“तसं नाही गं. विसरली होती म्हणून सांगू.”

“आणि मग सांगलीला जाऊन पोट फाडून घे. छत्तिसाव्या आठवड्यात! पहिलटकरीण आहेस. आमच्या वेळी कुठं होती गं मशीनं? तू अडीच किलोची होतीस, मेलीस का?”

 मग मी जरा नरम आले. पाठीवरून हात फिरवला.

“अगं वेडे, मशीन ते मशीन. त्याला काय कळतंय? पंधरा दिवस माझ्या हातात दे. पंधरा दिवसांत बाळ भरतं की नाही बघ. पुढच्या खेपेला त्याच बाईला मी म्हणून दाखवते, बघा, आता किती दिसतंय ते.”

“फोन तरी कर ना फलटणला. कागदाचा.”

“करते.”

फोन बाहेरच्या खोलीत होता. मी गेले, रिसिव्हर उचलला, नंबर फिरवायला घेतला. फलटणचा कोड फिरवून झाला. शकुंतलाबाईंनी पहिला प्रश्न काय विचारला असता ते मला तिथं उभ्या उभ्या ऐकू आलं. कशाला हवाय कागद? काय म्हणाल्या डॉक्टर? बारीक आहे का बाळ? आणि मग थोरलीला हाक. मी रिसिव्हर खाली ठेवला.

“काय म्हणाल्या?” हेमांगीनं आतून विचारलं.

“शोधतायत. मिळाला की सांगतो म्हणाल्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई एका बाळंतिणीत अडकल्या होत्या. सिस्टरला सांगितलं, “फलटणला तो कागद सापडत नाहीये म्हणतात. पण दुसऱ्या श्रावणातलीच तारीख आहे, पक्की. बाईंना सांगा.” सिस्टरनं कार्डावरची पंचवीस जुलै खोडली आणि वर तेवीस ऑगस्ट लिहिलं. माझ्या डोळ्यांदेखत लिहिलं. मला त्या वेळी काय वाटलं सांगू? हायसं वाटलं.

मग मी कंबर कसली. सकाळी नाचणीची पेज, वर खजूर आणि दूध. दहा वाजता दोन उकडलेली अंडी. जेवणात तुपाशिवाय घास नाही. एक दिवसाआड मटणाचं अळणी, मीठ-मिरची न घालता नुसतं हळदीवर शिजवलेलं पाणी, भरलेला वाडगा. खानावळीतली पोरं म्हणायची, “मावशी, आमच्या रश्श्यात आता पीस दिसत नाही.” मी म्हणायची, “तुम्हाला काय पोटात वाढवायचंय रे?” हेमांगी निमूटपणे खायची. घास फिरायचा तिच्या तोंडात, तरी खायची. एकदा ओकली. मी पुन्हा वाढलं, तिनं पुन्हा खाल्लं. मी समोर बसून तिच्या पोटाकडे बघत राहायची आणि मला खरंच वाटायचं की वाढतंय.

ते बाळाला पोचतच नव्हतं हे डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ मराठीत सांगितलं होतं. मी आईला खायला घालत होते, आणि मधल्या वाटेवर सगळं अडत होतं. हे समजायला शाळा शिकावी लागत नाही. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि माझी मूठ मी घट्ट धरून बसले होते.

पाडव्याला जावयांचा फोन आला. अभिजित फार सरळ माणूस. “आई, हेमांगी कशी आहे? मी पुढच्या रविवारी येतोय. इकडून काही आणायचंय का? काही राहिलंय का तिचं?”

हेमांगी दारात उभी होती. दोघींची नजर भिडली. एक शब्द बोलायचा होता. फाइल. तिची फाइल आणा. नाहीतर आत्ताच्या आत्ता उघडून वाचून दाखवा.

“काही नको हो,” मी म्हटलं. “सगळं आहे इथं. तुम्ही फक्त या.”

हेमांगीनं माझ्या हातातून फोन घेतला. मला धडकी भरली. पण ती नवऱ्याशी हवापाण्याचं बोलली, गुढीला काय केलं ते बोलली, आणि फोन ठेवला. तिला वाटत होतं की सासूबाई कागद शोधतायत, पुन्हा विचारलं तर रागावतील. एवढा विश्वास होता तिचा माझ्यावर.

त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी मी पानं वाढत होते. हेमांगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“आई, सकाळपासून हललं नाही गं.”

“झोपलं असेल.”

“रात्रीपण कमीच होतं.”

“मग रात्री का नाही सांगितलंस?” मी खेकसले. आपल्या भीतीचा राग लेकीवर काढायची मला जुनी खोड. मग तिला आत नेलं, गुळाचं पाणी दिलं, डाव्या कुशीवर झोपवलं. पोटावर हात ठेवून बसले. पंगतीतली पोरं आमटी मागत होती. मी हात काढला नाही. पोट उष्ण होतं, घट्ट होतं, आणि आतून कुणीही उत्तर देत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. हेमांगी माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, मी भिंतीकडे.

“चल,” मी म्हटलं, आणि तशीच खरकट्या हातानं तिला घेऊन निघाले.

टिळेकरबाईंनी यंत्र लावलं. इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. बराच वेळ एकाच जागी धरून ठेवलं. मग पडदा आमच्याकडून वळवला आणि हेमांगीचा हात हातात घेतला.

“ठोके नाहीत, बाळा.”

हेमांगी रडली नाही. तिनं विचारलं, “पुन्हा बघाल?” आणि डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बघितलं.

मेलेलं मूलही जन्माला घालावं लागतं. कळा आणायच्या, कळा सोसायच्या, जोर करायचा, सगळं तसंच. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझी लेक ते करत होती, आणि मी तिच्या डोक्याशी उभी राहून “थोडंच राहिलं, थोडंच” म्हणत होते. कशासाठी थोडंच राहिलं, देवा! मुलगी झाली. एक किलो सातशे. अंगावर मांस नव्हतं, कातडीला सुरकुत्या होत्या, पण केस मात्र दाट काळेभोर.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बोलावलं. दुपट्यातून बाळाचे पाय बाहेर काढले आणि तळवा माझ्याकडे केला.

“काकू, या रेषा बघा. तळवाभर आहेत. नखं बोटांच्या बाहेर आलीत. हे बाळ चौतीस आठवड्यांचं नाही. दिवस भरत आलेलं बाळ आहे.” त्यांचा आवाज चढला नाही. “तारीख पहिलीच बरोबर होती. मी सांगलीला पाठवायला हवं होतं. मी माझ्या अंदाजावर विसंबले.”

त्या स्वतःला दोष देत होत्या. आणि मी तो तळवा बघत उभी होते, माझ्या बोटाएवढा, त्यावर बारीक बारीक रेषा.

ह्या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. खानावळ बंद केली, आमचे हे गेले, मी थकले. हेमांगीला पुढे दोन मुलं झाली, दोन्ही वेळा ती फलटणलाच बाळंत झाली. पहिल्या खेपेला मी फोनवर विचारलं होतं, “येत नाहीस का गं?” ती म्हणाली, “इथंच बरं पडतं, आई.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाया पडले असते तिच्या. सणावाराला येते, माझी औषधं लावून देते, केस विंचरून देते. नातवंडं मला आजी आजी करतात. आमच्यात कधी तो विषय निघाला नाही. तिनं तो कायमचा मिटवला होता, तोही माझ्यासमोर, त्या रविवारी सकाळी, दवाखान्यातल्या त्या खोलीत.

शकुंतलाबाई आणि अभिजित पहाटेच्या गाडीनं निघून नऊ-साडेनऊला पोचले. अभिजित येताच बायकोच्या पायाशी बसला आणि तिचे पाय धरून हमसून हमसून रडायला लागला. शकुंतलाबाई डोक्यावरचा पदर सावरत उभ्या राहिल्या. त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी होती. तेवढ्यात टिळेकरबाई तपासायला आल्या.

त्यांनी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. बाळ लहान होतं, तारखेचा घोळ झाला, त्यात वेळ गेला. शेवटी म्हणाल्या, “तुमच्याकडचा तो पाचव्या महिन्यातला कागद सापडला असता तर कदाचित लक्षात आलं असतं. पण तुम्हाला तो मिळाला नाही, त्याला काय करणार.”

“मिळाला नाही?” शकुंतलाबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीत हात घातला आणि प्लास्टिकची फाइल बाहेर काढली. “ही काय. हिची पहिल्यापासूनची फाइल माझ्या कपाटातच असते. दवाखान्यात जायचं म्हणून आपसूक उचलली मी. मला कुणी मागितलीच नाही.”

 अभिजितनं रडणं थांबवून वर बघितलं. डॉक्टरीणबाईंनी फाइल घेतली, उघडली, आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. शकुंतलाबाईंनीही बघितलं.   मी खाटेची दांडी धरली.

हेमांगी माझ्याकडे बघत होती. तिला त्या क्षणी कळलं. मी फोन केलाच नव्हता, कागद कुणी शोधतच नव्हतं, हे सगळं तिला आत्ता, तिच्या सासूच्या हातातली फाइल बघून कळलं. तिच्या डोळ्यांत ते उतरताना मी बघितलं. आयुष्यात दुसरं काही विसरले तरी ते विसरणार नाही.

“मी मागितला नाही,” हेमांगी म्हणाली.

“काय?” शकुंतलाबाई पुढे झाल्या.

“आईनं मला सांगितलं होतं फोन करायला. मी केला नाही. आईला खोटंच सांगितलं की तुम्ही शोधताय.” तिचा आवाज बसला होता, ओठ फुटले होते. “तारीखपण माझीच चुकली. माझ्या लक्षात नव्हतं.”

“अगं पण का? का गं बाई?”

“तुम्हाला वाटेल बाळ बारीक आहे. आईनं नीट बघितलं नाही म्हणाल. म्हणून.”

माझ्या मनातलं सगळं, जे मी तिला एका शब्दानंही सांगितलं नव्हतं, ते तिनं जसंच्या तसं उचलून स्वतःच्या पदरात घातलं. शकुंतलाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि मटकन खाटेवर बसल्या.

“अगं वेडे पोरी, मी काय खाल्लं असतं का तुला? एक फोन करायचास. मी रात्रीच्या रात्री गाडी करून घेऊन आले असते गं फाइल!” आणि मग त्या मोठ्यानं रडायला लागल्या. अभिजित उठून खिडकीकडे गेला. बायकोकडे त्यानं बघितलं नाही. त्याला तिचा राग आला होता, ते त्याच्या पाठीवरून दिसत होतं. पुढं वर्षभर तो तिच्याशी धड बोलत नव्हता, असं मला नंतर कुणाकडून तरी कळलं.

रडणं ओसरल्यावर शकुंतलाबाई उठल्या आणि माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. मऊ, गार हात होते त्यांचे.

“तुम्ही तरी कुठं कुठं पुरे पडणार होतात, विहीणबाई,” त्या म्हणाल्या. “तुमच्याशीच खोटं बोलली ती. तुमचा काय दोष? तुम्ही करायचं ते सगळं केलंत.”

आता बोल, मी स्वतःला म्हटलं. आता नाही बोललीस तर कधीच नाही. हेमांगीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि तिच्या तोंडावर काही नव्हतं, ना राग, ना विनवणी. ती नुसती वाट बघत होती. मी तोंड उघडलं. शब्द घशापर्यंत आला होता, अगदी जिभेवर आला होता.

“चहा घेता ना, विहीणबाई?” मी म्हटलं. “सकाळपासून निघालाय तुम्ही.”

त्यांनी डोळे पुसत मान हलवली. हेमांगीनं कूस बदलली. मी चहा सांगायला खाली गेले.